ससाणे मळ्यातील सावित्रीबाई

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची प्रतिमा आपल्या शाळांच्या भिंतींवर असते. ३ जानेवारीला तिला पुष्पहार घातला जातो, मुली भाषणे करतात. त्या भाषणांत भिडेवाडा येतो, अंगावर फेकलेले शेण येते, नाउमेद न होता रोज शाळेची वाट धरणारी तरुण शिक्षिका येते. हे सारे यायलाच हवे. मात्र १० मार्चच्या स्मृतिदिनी जे सांगितले जाते, ते बहुधा एका वाक्यात आटोपते. प्लेगच्या रुग्णाची सेवा करताना त्यांना मरण आले, एवढेच ते वाक्य. ते खरे आहे. पण त्यामागे एक प्रश्न उभा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. १८९७ साली पुण्यात आणि मुंबईत इस्पितळाचे नाव काढताच माणसे पळत होती. घरात ताप आला की आप्त रुग्णाला शेजाऱ्यांच्याही नजरेआड ठेवत होते. अशा दिवसांत गावकुसाबाहेरच्या एका घरातून आजारी मुलगा उचलून आपल्या पाठीवर घेण्याचा अधिकार या सहासष्ट वर्षांच्या विधवेला कोठून मिळाला होता? प्रस्तुत लेखात सावित्रीबाईंच्या आयुष्याकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहावयाचे आहे.

त्यांच्या पूर्वायुष्याची हकीकत वाचकांना परिचित असल्याने ती थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीराव फुले यांच्याशी विवाह झाला. त्या सासरी आल्यावर लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेऊन १८४८ पासून पुण्यात शिकवू लागल्या. १८४९ मध्ये याच कामापायी पती-पत्नींना घर सोडावे लागले. १८५२ पर्यंत शाळांची संख्या वाढली आणि सरकारनेही या कामाचा जाहीर गौरव केला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठी शाळा निघाल्या त्याही याच काळात.

या शाळांतील एका विद्यार्थिनीकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. मांग समाजातील मुक्ता साळवे हिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखांविषयीचा हा निबंध धर्माविषयीच्या धीट प्रश्नांमुळे प्रसिद्धी पावला, आणि आजही त्याचा तेवढाच भाग उद्धृत होतो. परंतु त्यात या कोवळ्या वयाच्या मुलीने आणखी एक गोष्ट मांडली आहे. आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, आणि त्या वेळी काही दुखणे उद्भवले तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणायचा, असा तिचा सवाल आहे. रोग, दारिद्र्य आणि जात यांची गाठ एका शाळकरी मुलीने इतक्या नेमकेपणाने दाखवून दिली. हा सवाल ज्या शाळेत जन्मला, ती शाळा चालविणाऱ्या स्त्रीला त्याचा विसर पडणे शक्य नव्हते.

स्वतः आजारी असण्याचा अनुभवही सावित्रीबाईंना होता. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या नायगावी माहेरी होत्या. दुखण्याने दीर्घकाळ अंथरुण धरले होते. भावाने सेवा केली, पण त्याच भावाने पती-पत्नींच्या कार्यावर टीकाही केली. महार-मांगांना शिकविणे हे कुळाला बट्टा लावणारे कृत्य आहे, अशी त्याची समजूत करून दिली गेली होती. सावित्रीबाईंनी त्याची समजूत घातली, आणि हा सारा वृत्तान्त जोतीरावांना पत्राने कळविला. त्याच पत्रात, आपण नसताना फातिमाला शाळेचा सारा भार सोसावा लागत असेल, ही काळजीही आहे. जो माणूस आपल्या उशाशी बसून औषध देतो, त्याचेच मन आपल्या कामाविषयी दूषित झालेले असावे, ही स्थिती विचित्र खरी. सावित्रीबाईंनी भावाशी भांडण मांडले नाही आणि माघारही घेतली नाही. शांतपणे, पुनःपुन्हा समजावून सांगण्याची ही रीत त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

त्यांच्या सेवाकार्याचे खरे शिक्षण झाले ते १८६३ मध्ये सुरू झालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात, असे माझे मत आहे. शाळेइतकेच, किंबहुना काकणभर अधिक धाडसाचे असे हे काम होते. त्याची पार्श्वभूमी दारुण आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाचे काम करी. एका शास्त्रीबुवाने तिला फसविले. दिवस राहिले तेव्हा गर्भ पाडण्याचे उपाय झाले, ते निष्फळ ठरले. मूल जन्मले आणि लोकलज्जेपायी तिने ते मारून विहिरीत टाकले. न्यायालयाने तिला जन्मठेप देऊन अंदमानला धाडले. ज्याने तिला या गर्तेत लोटले तो पुरुष मोकळाच राहिला.

या घटनेनंतर फुले दांपत्याने आपल्याच घरी असे गृह उघडले, जेथे कोणत्याही विधवेने यावे, सुखरूप बाळंत व्हावे, आणि वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे. तिचे नावगाव कोणी विचारणार नाही, गुप्तता राखली जाईल, अशा जाहिराती पुण्यातील ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटविण्यात आल्या. या जाहिरातींचा विचार आपण एरवी करीत नाही. ज्या माहितीवाचून स्त्रिया मरत होत्या, ती माहिती ज्यांना हवी होती त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्याच नजरेच्या उंचीवर नेऊन लावण्याचा हा उपाय होता. आणि केवळ कागद लावून काम भागत नाही, हेही लवकरच दिसून आले. १८८४ मध्ये सरकारला सादर केलेल्या टिपणात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. उरलेली तीस दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी त्या मातांनी येण्यापूर्वीच विषारी औषधे घेतली होती.

पस्तिसांपैकी पाच हा आकडा मनात धरून ठेवावा. तो अपयशाचा आकडा नव्हे. लपवाछपवीत गेलेल्या दिवसांची किंमत किती असते, हे तो सांगतो. दार उघडे होते, पण त्या दारापर्यंत पोहोचायला स्त्रियांना उशीर होत होता, आणि त्या उशिरात कोणाची तरी जडीबुटी, कोणाचा तरी काढा पोटात गेलेला असे. या बाळंतिणींची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली, त्यांची उठबस केली, मेलेली अर्भके पाहिली. रोगापेक्षा रोगाची लाज आधी बरी करावी लागते, हा धडा त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतलेला नव्हता. तो त्यांच्या घरात रोज घडत होता. या गृहाची एक देणगी म्हणजे यशवंत. काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेले हे मूल फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले, वाढविले आणि डॉक्टर केले. या लेखाच्या उत्तरार्धात यशवंतरावांची पुन्हा गाठ पडणार आहे.

१८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक कार्यकर्त्यांनी गावोगाव मदतकार्य केले, तेव्हा सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात फिरत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपाशी माणसे, पाण्यावाचून तडफडणारी जनावरे आणि सावकारांची दांडगाई यांचे चित्र रेखाटले आहे. तेथे तंटा होऊन कार्यकर्त्यांची धरपकड झाली, तेव्हा त्या स्वतः कलेक्टरला भेटल्या, त्याला वस्तुस्थिती सांगितली आणि कार्यकर्त्यांना सोडविले. सरकारी अधिकाऱ्यापुढे जाण्याचे त्यांना भय नव्हते, आणि सरकारचे सारेच वाईट असे मानण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता. प्लेगच्या वेळच्या त्यांच्या वागण्याचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली. त्यांचे स्नेही आणि नामांकित शस्त्रवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव त्यातून काही अंशी सावरले आणि डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' या ग्रंथाचे लेखन करू लागले. त्या दोन वर्षांची शुश्रूषा सावित्रीबाईंच्या वाट्याला आली. दीर्घ आजाऱ्याच्या घरी पथ्य, मालीश, वेळच्या वेळी औषध आणि रुग्णाच्या मनाची उभारी या चारही गोष्टी एकाच माणसाला सांभाळाव्या लागतात. त्यांतले एकही काम डॉक्टरच्या चिठ्ठीने आपोआप होत नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर वाद उपस्थित झाला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते हाती घेतले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९३ च्या सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडे होते.

आता १८९६ कडे येऊ. त्या वर्षी दख्खनवर पुन्हा दुष्काळाचे सावट आले आणि त्याच सुमारास मुंबईच्या मांडवी भागात एक अनोळखी ताप पसरू लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. थंडी वाजून ताप, डोळे लाल, जीभ जड, जांघेत वा काखेत अंड्याएवढी गाठ, आणि पुष्कळदा चार-पाच दिवसांत मृत्यू. मराठी वृत्तपत्रे याला ग्रंथिक सन्निपात म्हणू लागली. लोकांनी पाहिले होते ते एवढेच, की आधी घरात उंदीर मरून पडतात आणि मग माणसे.

त्या काळी या रोगाविषयी शास्त्राला किती ठाऊक होते, हे समजून घेतल्याशिवाय लोकांच्या भीतीचा न्याय करता येणार नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांमधून माणसाला होतो, हे सिमाँ यांनी कराचीत मांडले ते १८९८ मध्ये, आणि सर्वमान्य व्हायला त्यापुढे आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ च्या आरंभी डॉक्टर जे सांगत होते त्यात अर्धे बरोबर आणि अर्धे अंदाजाचे होते. गटारे धुण्यात आली, भिंतींना चुना फासला गेला, कार्बोलिक आम्लाचे फवारे मारण्यात आले, चीजवस्तू जाळण्यात आल्या. गटारे धुतल्याने उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात गेले, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली; पण ती अजून पहिल्याच पायरीवर होती. प्लेगवर खरे गुणकारी औषध मिळायला पुढे जवळपास अर्धशतक लागले. तोवर उपचार म्हणजे बिछाना, पाणी, हलका आहार, गाठीवर पोटीस, स्वच्छता आणि कोणीतरी जवळ असणे. रुग्णाने डॉक्टरचे ऐकावे यासाठी दाखविण्याजोगा गुण डॉक्टरच्या हाती नव्हताच. त्याला मागता येत होता तो केवळ विश्वास, आणि नेमका तोच नव्हता.

इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, असा लोकांचा अनुभव होता. बहुतेकांना अगदी शेवटच्या अवस्थेत तेथे नेले जाई, त्यामुळे तो अनुभव खोटाही नव्हता. त्यावर अफवांची पुटे चढली. डॉक्टर विष देऊन मारतात, रुग्णाच्या देहातून मोमियाई काढतात, असे बोलले जाऊ लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतील आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने हल्ला केला. मुंबई सोडून लाखो लोक गावोगाव पांगले आणि रोगही त्यांच्या सोबत गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. त्यान्वये कोणालाही तपासण्याचा, वेगळे ठेवण्याचा, घर रिकामे करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. स्त्रियांच्या काखा-जांघा परपुरुषाने तपासायच्या, या कल्पनेनेच घरे हादरली. अस्पृश्य वस्त्यांची भीती दुहेरी होती. रोगाची भीती सर्वांसारखीच, आणि त्यावर इस्पितळात आपल्याला कोण हात लावील, कोण पाणी पाजील, ही दुसरी.

या लोकांना अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु अलीकडच्या कोरोनाच्या साथीत शिकल्यासवरल्या घरांतूनही ताप लपविला गेला, विलगीकरण केंद्राच्या गाडीला घाबरून माणसे शेतात जाऊन राहिली आणि लशीविषयी काय काय बोलले गेले, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा १८९७ च्या माणसांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही. माणूस आजाराची माहिती शोधतोच. ती तो कोणाच्या तोंडून स्वीकारतो, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

सत्यशोधकांनी या साथीत पहिला मोठा बळी दिला तो मुंबईत. कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच निधन झाले. त्याच महिन्यात पुण्यात साथीने उग्र रूप धारण केले. सरकारने साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांना प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून पुण्यास आणले. एकीकडे ही तयारी चालली असता दुसरीकडे सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतले. यशवंतराव तेव्हा लष्करात वैद्यकीय सेवेत होते. रजा घेऊन ते आले. पुण्याच्या पूर्वेस हडपसरजवळ ससाण्यांचा मळा होता. ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांची कन्या राधा हिच्याशी यशवंतरावांचा सत्यशोधक पद्धतीने १८८९ मध्ये विवाह झाला होता. राधा १८९५ मध्येच निवर्तली होती, परंतु मळा सोयऱ्याधायऱ्यांचा होता. शहराच्या दाटीपासून दूर, मोकळ्या हवेत, शेताच्या कडेला, अशा या जागी माय-लेकरांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला.

जागेची ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. पिसवांचे ज्ञान कोणालाच नसले तरी उंदीर पडू लागलेले घर सोडून उघड्या रानात झोपडी करून राहणे हाच त्या काळचा सर्वांत कामाचा उपाय ठरला, आणि पुढील वर्षांत महाराष्ट्रातील गावेच्या गावे तो करू लागली. शिवाय मळा ही शेतकऱ्याला ओळखीची जागा. तेथे चुन्याने रंगविलेल्या कोठड्या नव्हत्या, शिपायांचा पहारा नव्हता. तेथे रुग्ण पोहोचत असे तो एका बाईंसोबत, ज्यांनी कोणाची शाळा घेतली होती, कोणाच्या घरी दुष्काळात भाकरी पोहोचविली होती, ज्यांच्या हौदाचे पाणी कोणी पिऊन गेला होता. दवाखान्यात डॉक्टर यशवंतराव होते. दवाखान्यापर्यंत आणण्याचे काम सावित्रीबाईंचे होते. त्या वस्त्यांमध्ये फिरत, आजारी माणसाचा शोध घेत, घरच्यांची समजूत घालीत आणि रुग्णाला मळ्यात घेऊन येत. या कामाला आजच्या आरोग्यखात्यात निरनिराळी नावे आहेत आणि त्यासाठी वेगळी माणसे नेमलेली असतात. त्यांनी ते नावाविना केले.

सरकारी शोधपथक आणि सावित्रीबाई यांच्या कामाचा उद्देश, कागदावर पाहिला तर, एकच होता. रुग्ण शोधायचा, त्याला निरोग्यांपासून वेगळा करायचा, उपचाराखाली ठेवायचा. शास्त्रदृष्ट्या कमिटीचे सारेच चुकले होते असे म्हणता येणार नाही, आणि सावित्रीबाईंनी रुग्णाला घरी ठेवण्याचा कैवारही कधी घेतला नाही. त्या रुग्णाला घराबाहेरच काढत होत्या. फरक हा, की त्या स्वतः रुग्णाच्या बरोबर जात होत्या आणि तेथेच थांबत होत्या. प्लेगला स्पर्शजन्य मानणाऱ्या त्या काळात हे कळायला कोणत्याही जाहिरातीची गरज नव्हती. रुग्णाला हात लावणारी बाई आपल्याला फसवीत नाही, हे निरक्षर माणसालाही समजते.

मार्च १८९७ च्या आरंभी मुंढवा येथून बातमी आली. तेथील महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग याला प्लेगने गाठले होते. मुंढवा आणि हडपसर आज पुणे महानगराच्या पोटात गेलेले आहेत. तेव्हा मध्ये शेते आणि माळरान होते. महारवाड्यातील प्लेगच्या रुग्णाला नेण्यासाठी डोली कोण देणार आणि ती खांद्यावर कोण घेणार? सावित्रीबाई स्वतः मुंढव्याला गेल्या. मुलाला पाठीवर घेतले आणि ससाणे मळ्याची वाट धरली. ज्या समाजाची सावलीही विटाळ मानली जाई, त्या समाजाचे तापाने फणफणलेले लेकरू आपल्या पाठीशी बांधून ही माउली माळ तुडवीत होती. चित्रकारांनी हे दृश्य पुष्कळदा रंगविले आहे. मला त्यात मुलाच्या आईबापांचे चेहरे शोधावेसे वाटतात. त्या दिवसांत मुलाला घराबाहेर जाऊ देणे म्हणजे त्याला कायमचे गमावणे, असे साऱ्यांनीच मनाशी धरले होते. त्यांनी जाऊ दिले. त्यामागे गंज पेठेतील हौद होता, शाळा होत्या, अर्धशतकाची ओळख होती. एका दिवसात हे घडत नाही.

या धावपळीत सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्यांनी देह ठेवला. त्यांच्या देहावर उपचार करणारा डॉक्टर त्यांचाच मुलगा होता, आणि त्याच्या हाती पोटीस व पाणी यांपलीकडे काही नव्हते.

तीन दिवसांनी, १३ मार्चपासून, पुण्यात लष्करी पथकांच्या घरझडत्या सुरू झाल्या. त्या १९ मेपर्यंत चालल्या. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, सामान रस्त्यावर आले. माणसे रुग्णांना आणखी आत लपवू लागली. मृतदेह चोरून पुरले वा जाळले जाऊ लागले, कारण मृत्यूची वर्दी दिली की उरलेल्या कुटुंबाला विलगीकरणाच्या छावणीत नेत. ज्या कमिटीला रुग्ण शोधायचे होते, तिच्याच पद्धतीने ते सापडेनासे झाले. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३ जुलैला ते मरण पावले. इतिहासाच्या पुस्तकांत पुण्याच्या प्लेगची कथा येथून पुढे चाफेकर बंधूंकडे आणि टिळकांवरील खटल्याकडे वळते. ससाणे मळा त्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

प्लेग त्यानंतरही कित्येक वर्षे महाराष्ट्रात येत-जात राहिला. परळला प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा स्थिरावली. तीच पुढे, १९२५ पासून, हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. उंदीर पडले की गाव सोडायचे, हे लोक शिकले. लस टोचून घेणेही हळूहळू शिकले. यशवंतराव आईच्या निधनानंतर लष्करी सेवेत परत गेले. पुण्यात प्लेगची साथ पुन्हा भडकली तेव्हा ते पुन्हा आले, रुग्णांमध्ये राबले आणि त्याच रोगाने गेले.